झोक्यावरची इरंदती

बसा.

जिथे आहात तिथेच बसा. परभणीतल्या तुमच्या घराची ओसरी असेल, गच्ची असेल, कृषी विद्यापीठातल्या एखाद्या झाडाची सावली असेल, नाहीतर रेल्वे स्टेशनवरचा बाक असेल. पाठ टेकवता आली तर टेकवा.

पावलं जमिनीला लागू द्या.

एक श्वास घ्या. सावकाश. सोडताना त्याहून सावकाश.

पुन्हा एकदा.

आज आपण एकच चित्र पाहणार आहोत. अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात, मोठ्या दालनाच्या उजव्या भिंतीवर ते आहे. एक राजकन्या झोक्यावर बसलेली आहे. भोवती झाडंपानं आहेत. तिला कुठे जायचं नाही. काही करायचं नाही.

आपल्यालाही थोडा वेळ कुठे जायचं नाही.

चित्राचा फोटो जवळ असेल तर समोर ठेवा. नसेल तर डोळे मिटा. झोका तुम्ही पाहिलेला आहे. तेवढ्यावर भागेल.

*

आधी तिथवर जाऊ. मनानेच जाऊ.

परभणीहून गाडी निघते. मानवत रोड. सेलू. परतूर. जालना. खिडकीबाहेर काळी शेतं मागे पडत जातात. छत्रपती संभाजीनगरला उतरायचं आणि उत्तरेचा रस्ता धरायचा. पठार सरतं, घाट लागतो. खाली वाघूर नदीने मोठं अर्धगोल वळण घेतलेलं आहे. त्या वळणावरच्या काळ्या कड्यात लेणी आहेत.

चपला बाहेर काढा. आत या.

आधी काहीच दिसत नाही.

दिसू नये, हेच बरोबर आहे. बाहेरचं ऊन अजून डोळ्यांत आहे. ते उतरू द्या. तळपायांना दगड गार लागतो. आधी तेवढंच जाणवू द्या.

थांबा.

हळूहळू खांब दिसायला लागतात. मग भिंती. मग भिंतींवर कुणीतरी आहे, एवढं कळतं.

वर पाहा. छत रंगवलेलं आहे. वर्तुळात वर्तुळ, त्यात आणखी वर्तुळ. कमळं, वेली, हंस. कातळाच्या छताला चित्रकारांनी कापडी चांदव्याचं रूप दिलेलं आहे.

म्हणजे आपण मांडवात उभे आहोत. आलेल्याने विसावावं म्हणून कुणीतरी तो घालून ठेवला आहे.

मान खाली आणा. एक श्वास घ्या.

आता उजव्या भिंतीकडे वळा.

*

ती कोण आहे, हे आत्ताच विचारू नका. नाव पुढे येईल. कथाही येईल. आत्ता फक्त पाहा.

आधी दोऱ्या पाहा.

दोन बारीक रेषा वर जातात. त्यांच्यावरून नजर वर न्या. घाईने नको. बोट फिरवल्यासारखी नजर फिरू द्या. मग त्याच रेषेवरून खाली या.

खाली येता येता तिचे हात लागतात.

हात पाहा. तिने दोऱ्या धरल्या आहेत. पडण्याची भीती असते तेव्हा मूठ आवळली जाते. इथे तसं नाही. बोटं दोरीवर विसावली आहेत. दोरीवर तिचा विश्वास आहे.

तुमच्या स्वतःच्या बोटांकडे लक्ष द्या. ती कशी आहेत? आवळलेली असतील तर सैल सोडा. काही धरून ठेवायचं नाही.

आता तिची मान पाहा.

मान जराशी कलली आहे. सरळ ताठ मान सावध असते. कललेली मान ऐकत असते. आठवत असते. किंवा नुसतीच सुखात असते.

तुमची मानही सैल होऊ द्या. ज्या बाजूला तिला कलायचं असेल, तिकडे कलू द्या.

इथे थोडं थांबा.

आता तिच्या भोवतीची पानं पाहा. बाग दाट आहे. गर्द रंगातून पानं पुढे येतात, मागे जातात. त्या गर्दपणामुळे तिचं अंग उजळ वाटतं. या चित्रात वेगळा सूर्य काढलेला नाही. उजेड तिच्या अंगावरूनच येतो.

पुन्हा दोऱ्या. पुन्हा हात. पुन्हा मान.

एवढ्या तीनच गोष्टी. त्यांच्यावरून नजर हळू फिरत राहू द्या.

*

आता झोका हलू द्या.

भिंतीवर तो पंधराशे वर्षं एकाच जागी आहे. तरी तो हलवता येतो. तुमच्या श्वासाने हलवता येतो.

श्वास आत घ्या. झोका पुढे जातो.

श्वास सोडा. झोका मागे येतो.

पुढे.

मागे.

जोर लावू नका. झोका एकदा लागला की अंगाचं वजनच त्याला नेतं आणि आणतं. श्वासाचंही तसंच आहे. तुम्ही घेतला नाही तरी तो येतो. तुम्ही सोडला नाही तरी जातो.

पुढे.

मागे.

आता एका जागेकडे लक्ष द्या. झोका पुढे पुढे जातो आणि टोकाला पोचतो. तिथे एक क्षण तो पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. अंगाला वजन उरत नाही. पोटात हलकं होतं. मग तो परततो.

श्वासालाही ते टोक आहे. आत येऊन झाला आहे, अजून बाहेर निघालेला नाही. तो क्षण लहान असतो. पण असतो.

त्या क्षणात जा. तिथे राहता येईल तितकं राहा. राहता आलं नाही तरी काळजी नको. पुढचा श्वास पुन्हा तिथे नेईल.

चित्रकाराने हाच क्षण भिंतीवर ठेवला आहे, असं मला वाटतं. जाणं संपलं आहे आणि येणं सुरू व्हायचं आहे. म्हणून तिला घाई नाही.

पुढे.

मागे.

*

आता भिंतीजवळ या. मनाने या. प्रत्यक्षात तिथे अंतर राखावं लागतं आणि हात लावायचा नसतो.

रंग कुठे कुठे उडालेला आहे. खपली निघून आतला लेप दिसतो. पानांच्या मधेच एकाएकी नुसती भिंत येते.

त्या उडालेल्या जागांवर नजर टेकवा. तिथून पळू नका. मन लगेच तिथे पानं भरायला धावेल, दागिने भरेल, एखादी सखी उभी करेल. भरू नका. रिकामी जागा रिकामी राहू द्या.

या भिंतीवरचं सगळं जपून ठेवण्याची धडपड पुष्कळांनी केली. १८१९ साली ही लेणी इंग्रज शिकाऱ्यांच्या नजरेस पडली. पुढे रॉबर्ट गिल इथे आला आणि वर्षानुवर्षं चित्रांच्या नकला करत राहिला. त्यातल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी आले. १८७२ पासून त्यांनीही वर्षानुवर्षं इथे बसून नकला केल्या. त्यातल्या कितीतरी १८८५ मध्ये लंडनलाच दुसऱ्या आगीत गेल्या.

ते विद्यार्थी या अंधारात किती वेळ बसले असतील, ते मनात आणा. एक एक पान. एक एक बोट.

नकला जळाल्या. पण भिंतीसमोर बसलेले ते दिवस जळाले नाहीत. ज्याने एवढा वेळ एका कललेल्या मानेकडे पाहिलं, त्याच्या हातात ती मान उतरलीच.

पाहिलेलं वाया जात नाही. तुम्ही आत्ता जे पाहता आहात, तेही जाणार नाही.

श्वास घ्या.

सोडा.

*

रंगाच्या खाली काय आहे, तेही पाहू.

दगड आहे. काळा कातळ. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास दख्खनवर लाव्हाचे थर पसरत गेले आणि थंड झाले. त्याच थरांत हे लेणं कोरलेलं आहे.

त्याच थरांवर परभणी वसलेली आहे.

तो कातळ उन्हापावसात झिजत झिजत त्याची काळी माती झाली. तीच आपल्या रानात आहे. कापसाखाली, तुरीखाली, ज्वारीखाली. पावसात चपलेला धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते, ती माती.

लेण्याच्या भिंतीवर चित्रकारांनी आधी मातीचाच लेप दिला. मातीत भाताचा तूस कालवला, गवताचे तंतू कालवले, म्हणजे तिला तडा जाऊ नये. वर बारीक लेप. त्यावर पांढरा हात. मग रंग.

रंगही जमिनीतलेच. तांबडा गेरू. पिवळी माती. हिरवट माती. काळ्यासाठी दिव्याची काजळी. निळा तेवढा लांबून आला, अफगाणिस्तानच्या डोंगरातून. त्या दगडाला आपण लाजवर्द म्हणतो.

हे सगळं एकदा मनाने हातात घ्या. थोडा गेरू, थोडी पिवळी माती, थोडी काजळी. बोटांना तो भुगा लागू द्या.

यातून ती झोक्यावरची राजकन्या झाली.

पावलांखालच्या जमिनीकडे लक्ष द्या. तिच्या अंगाखाली जी माती आहे, तिच्याच गणगोतातली माती तुमच्या पावलांखाली आहे. फरशी असेल, डांबर असेल. त्याच्या खाली ती आहेच.

हे चित्र काढलं तेव्हा इथे वाकाटकांचं राज्य होतं. पाचव्या शतकाचा उत्तरार्ध, राजा हरिषेण. त्याच्या शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचं वाशीम. परभणीहून हिंगोली ओलांडलं की वाशीम. आणि अगदी अलीकडे, हैदराबाद संस्थान होतं तोवर, परभणी आणि अजिंठा एकाच राज्यात होते.

म्हणजे ती परकी नाही. ती आपल्याच पट्ट्यातली आहे.

तिच्याकडे पुन्हा पाहा. आता ओळखीच्या नजरेने पाहा.

*

आता एक नवी गोष्ट पाहू.

या बागेत ती एकटी नाही.

एक पुरुष आहे. देखणा, राजस. आणि त्याच बागेत ती पुन्हा एकदा दिसते, त्याच्याशी बोलताना. अजिंठ्याच्या भिंतीवर असं होतं. एकच माणूस एकाच चित्रात दोनदा येतो. आधीची वेळ आणि नंतरची वेळ शेजारी शेजारी असतात.

झोक्यावर असताना तो तिच्या आयुष्यात अजून यायचा आहे. बोलताना तो आलेला आहे.

दोन्हींच्या मधे किती वेळ गेला असेल?

उत्तर नको. त्या मधल्या जागेकडे पाहा. भिंतीवर ती थोडीशीच आहे. तिथे फक्त पानं आहेत.

कुणीतरी तिला पाहिलं आणि सगळं बदललं. ते पाहणं या पानांमधे कुठेतरी घडलं.

आता स्वतःच्या पाहण्याकडे लक्ष वळवा. तुम्ही तिच्याकडे कसं पाहता आहात? नजरेत काही मागणं आहे का? काही पकडायचं आहे का? असेल तर असू द्या. फक्त ते आहे, हे कळू द्या.

मग डोळे थोडे सैल सोडा. चित्र डोळ्यांत येऊ द्या. तुम्ही त्याच्या मागे धावू नका.

झोका पुढे.

मागे.

*

आता नाव सांगते.

ती इरंदती. नागराजा वरुणाची मुलगी. तो पुरुष पूर्णक, यक्षांचा सेनापती. कथा विधुरपंडित जातकातली आहे.

कथा थोडक्यात ऐका. झोक्यावर बसून ऐकावी तशी ऐका.

नागराजाच्या गळ्यात एक मणी असायचा. एक दिवस तो मणी राणीला दिसला नाही. तिने विचारलं. राजा म्हणाला, इंद्रप्रस्थात विधुर नावाचा एक शहाणा माणूस आहे. त्याचं बोलणं ऐकलं आणि मी मणी त्याला देऊन टाकला.

राणीचं नाव विमला. तिच्या मनात आलं, ज्याचं बोलणं ऐकून माणूस गळ्यातला मणी काढून देतो, त्याचं बोलणं मलाही ऐकायचं आहे.

एवढीच इच्छा.

ती सरळ बोलली नाही. आजारी पडल्याचं सोंग घेऊन पडून राहिली. म्हणाली, मला विधुराचं काळीज हवं. राजाला वाटलं, खरंच काळीज हवं. त्याने लेकीला सांगितलं, जो ते आणील त्याला वर.

आणि इरंदती डोंगरावर गेली.

इथे थांबा.

पाली जातककथेत ती तिथे हिमालयातली फुलं गोळा करते, फुलांची शेज रचते, नाचते, गाते. पूर्णक घोड्यावरून आकाशातून जाता जाता ते गाणं ऐकतो आणि परततो.

त्या कथेत झोका नाही.

झोका चित्रकाराचा आहे. कथेने तिला एक काम दिलं होतं, एक अवघड काम. वडिलांनी तिला कामावर पाठवलं होतं. चित्रकाराने तिला झोका दिला. क्षणभर तिच्या अंगावरून ते ओझं उतरवून ठेवलं.

पुन्हा पाहा तिच्याकडे. आता तिच्या निवांतपणाच्या मागे काय काय आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे. आईचं अंथरूण. वडिलांची आज्ञा. एका अनोळखी माणसाचा जीव.

आणि तरी मान कललेली. बोटं सैल.

निवांतपणा असा असतो. सगळं मिटलं, सगळी कामं संपली, म्हणून तो येत नाही. कामं तशीच असतात. त्यांच्या मधे कुणीतरी दोर बांधून देतं, आणि आपण बसतो.

श्वास घ्या.

तुमच्याही मागे काय काय उभं असेल. हप्ते असतील, दवाखाना असेल, पाऊस पडेल की नाही ते असेल. त्याला नाकारू नका. ते तिथे असू द्या. तुम्ही इथे बसा.

पुढे.

मागे.

*

आता एक करून पाहा.

मनाने तिचे दागिने एक एक करून उतरवा. हळूच. केसांतला साज काढून बाजूला ठेवा. गळ्यातले हार. हातातली कंकणं. ते झिरझिरीत वस्त्र राहू द्या, किंवा त्याच्या जागी एक साधी सुती साडी येऊ द्या.

आता ती राजकन्या दिसत नाही.

पण पाहा, काय उरलं. दोऱ्यांवरचे हात उरले. कललेली मान उरली. वजन सोडून दिलेलं अंग उरलं.

देखणेपण कुठे गेलं नाही.

मग तिच्या मागची ती गर्द बाग हळूहळू बदलू द्या. तिथे एक लिंब येऊ द्या. श्रावणातला. पावसाने धुतलेला. त्याच्या आडव्या फांदीला दोर बांधलेला आहे. खाली ओली काळी माती आहे, आणि पाय घासून घासून झोक्याखाली तिचा एक पट्टा गुळगुळीत झाला आहे.

नागपंचमी आहे.

पूर्णेच्या काठचं, दुधनेच्या काठचं, गोदावरीच्या काठचं कुठलंही गाव घ्या. लेकी माहेरी आल्या आहेत. हातांवर मेंदी आहे. ज्वारीच्या लाह्या फुटल्या आहेत. बाया वारुळाला जाऊन आल्या आहेत. आज रानात औत चालायचं नाही. घरात चिरायचं नाही, कापायचं नाही, तळायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. पुरणाची दिंडं वाफेवर शिजतात.

जमिनीखालच्या नागाला इजा होऊ नये म्हणून हे सगळं थांबतं. आणि ते थांबलं की बाईचे हात मोकळे होतात.

त्या मोकळ्या हातांत झोक्याचे दोर येतात.

ऐका. कुणीतरी गाणं म्हणतं आहे. दुसरी झोका देते आहे. काहीजणी फेर धरायला उभ्या राहिल्या आहेत.

हा जिल्हा जनाबाईचा. गंगाखेडची ती. दळता-कांडता तिने विठ्ठलाला हाक मारली. इथल्या बाईचं गाणं जात्याच्या घरघरीतून आलं आहे, हात गुंतलेले असताना आलं आहे. पंचमीच्या दिवशी मात्र हात गुंतलेले नसतात. फक्त दोर धरायचे असतात.

झोक्यावरच्या त्या लेकीकडे पाहा. तिचा चेहरा दिसू द्या. तो तुमच्या ओळखीचा असेल. आई असेल, आत्या असेल, आजी असेल, तरुणपणीची.

मग भिंतीवरच्या इरंदतीकडे पाहा.

नागराजाची लेक झोक्यावर. नागाच्या सणाला गावची लेक झोक्यावर.

काही जुळवू नका. काही सिद्ध करू नका. दोघींना शेजारी शेजारी असू द्या. भिंतीवर एकच इरंदती दोनदा येते, तशा या दोघीही एकाच बागेत राहू शकतात.

पुढे.

मागे.

*

आता या दालनाकडे पुन्हा लक्ष आणा.

हे कुणाचं घर होतं? भिक्खूंचं. दालनाच्या कडेने लहान लहान खोल्या आहेत. दार, आत अंधार, दगड. इथे राहणाऱ्यांनी घर सोडलं होतं, केस उतरवले होते. मधल्या गाभाऱ्यात बुद्धाची मोठी मूर्ती बसलेली आहे.

आणि त्यांच्या रोजच्या जाण्यायेण्याच्या भिंतीवर ही राजकन्या झोका घेते आहे.

एका भिक्खूच्या जागी क्षणभर उभे राहा. सकाळ आहे. दारातून उजेड आत येतो आहे. तुम्ही खोलीतून बाहेर पडता. भिंतीवर बाग आहे, दागिने आहेत, झोका आहे, तारुण्य आहे. थोडं पुढे गाभारा आहे. तिथे मिटल्यासारखे डोळे आहेत.

एका भिंतीवर झोका. समोर स्थिर बसलेला बुद्ध.

दोन्हींकडे पाहा. आलटून पालटून पाहा.

झोका. स्थिरता.

झोका. स्थिरता.

मला त्या दोन्हींत भांडण दिसत नाही. ज्याने झोका नीट पाहिला, त्याला झोक्याच्या टोकावरचा तो क्षण सापडतो. पुढे न जाणारा, मागे न येणारा. बुद्धाच्या मूर्तीतही मला तोच क्षण बसलेला दिसतो.

या भिंतीवर सुख झाकलेलं नाही. पुसलेलं नाही. फक्त ते पाहायला सांगितलं आहे, अगदी शेवटपर्यंत.

थांबा.

तुमच्या आत जे काही हलतं आहे, त्याला हलू द्या. आणि ते पाहणारं जे काही शांत आहे, तेही असू द्या.

*

आता आवाज ऐका.

जिथे बसला आहात तिथले. लांबून गाडीची शिट्टी येत असेल. एखादी रिक्षा जाईल. भांड्याला भांडं लागेल. कुणी कुणाला हाक मारेल.

त्यांच्या मागे जाऊ नका. ते येतात. जातात. झोक्यासारखे.

आता चित्राला एक प्रश्न विचारा. मनातच विचारा. तुम्हाला जो वाटेल तो. तू कुणाची वाट पाहतेस? तुला भीती वाटते का? तुला काय सांगायचं आहे?

विचारा आणि गप्प राहा.

उत्तर लगेच आलं तर त्याला बाजूला बसवा. पहिलं उत्तर बहुतेक वेळा आपण आधीच ऐकलेलं असतं. पुन्हा गप्प राहा.

काहीच आलं नाही तरी ठीक आहे. चित्रासमोर गप्प बसणं हेही चित्राशी बोलणंच आहे.

इथे थोडा वेळ जाऊ द्या.

*

कथेचं टोक राहिलं आहे. ते ऐकून उठू.

पूर्णकाने इरंदतीला पाहिलं आणि तो विधुराचं काळीज आणायला निघाला. इंद्रप्रस्थाच्या राजाशी तो द्यूत खेळला, जिंकला, आणि जिंकलेल्या विधुराला घेऊन डोंगरावर गेला. तिथे त्याने त्याला मारायची खटपट केली.

विधुराने त्याला विचारलं, मला मारून तुला काय मिळणार? ते कळल्यावर तो म्हणाला, आधी माझं बोलणं ऐक. मग काय ते कर.

आणि पूर्णकाने ऐकलं.

विधुराने सांगितलं त्यात अवघड काही नव्हतं. ज्याच्या घरी एक रात्र राहिलो, अन्नपाणी घेतलं, त्याचं वाईट मनातही आणू नये. ज्या झाडाच्या सावलीला बसलो, त्याची फांदी मोडू नये. असंच काही.

झोका जिला बांधला आहे, त्या फांदीकडे एकदा पाहून घ्या.

पूर्णकाचा हात थांबला. मग तो विधुराला जिवंतच नागलोकात घेऊन गेला. राणीसमोर विधुर बसला आणि बोलला. विमला ऐकत राहिली. तिला हवं होतं ते मिळालं. कुणाचं रक्त सांडलं नाही. इरंदती आणि पूर्णक एकमेकांचे झाले.

सगळ्याच्या मुळाशी काय होतं, ते पाहा. एका बाईला ऐकायचं होतं. ते तिने सरळ सांगितलं नाही, आणि कुणी तिला नीट विचारलं नाही. एवढ्यावरून एका शहाण्या माणसाचा जीव जायची वेळ आली. जे बिनसलं होतं ते ऐकण्यानेच सावरलं. आधी मारायला आलेल्याने ऐकलं. मग अंथरुणावर पडलेल्या राणीने ऐकलं.

चित्रातली ती कललेली मान मला या कथेची किल्ली वाटते. घाई नसलेलं माणूस ऐकू शकतं. हात आवळलेले नसतील तर कान उघडतात. चित्रकाराने राजकन्येला झोक्यावर बसवलं आणि आपल्यासमोर ठेवलं. आपणही तसं बसावं, मग ऐकावं, एवढं त्याचं म्हणणं मला ऐकू येतं. तुम्हाला दुसरं काही ऐकू आलं असेल, तर ते तुमचं आहे. जपून ठेवा.

एक श्वास घ्या.

सोडा.

डोळे उघडा. हातपाय हलवा. सावकाश उठा.

आज घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईजवळ जाऊन बसा. तिला विचारा, पंचमीला तुमच्या गावी झोका कुठे बांधायचे? कुठल्या झाडाला? कोण झोका द्यायचं? गाणं कुठलं म्हणायचात? मधे बोलू नका. तिला आठवायला वेळ लागेल, तो लागू द्या. एखादं गाणं अर्धंच आठवेल, तेवढंच ऐका.

आणि जमेल तेव्हा तिला अजिंठ्याला घेऊन जा. संभाजीनगरपर्यंत रेल्वे आहे, पुढे शंभरेक किलोमीटरचा रस्ता. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढं पाहून निघा. दोन नंबरच्या लेण्यात उजव्या भिंतीपाशी गेलात की तिला माहिती सांगायची घाई करू नका. आधी तिला बोलू द्या.